विरस भूमी आणि तृणाचे पुनरागमन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. ग्रीष्माच्या अखेरीस, गंगातीरी कांपिल्य नगरीजवळच्या वनात शिष्यांसह विहार करीत असता पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास एक सूचना करतात. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात, कारण भूमीचा रस गेला की तिच्यावर उगवणाऱ्या द्रव्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभावही उपहत होतात, असा तिचा आशय आहे. परीक्षेपुरती आपण ती पाठ करतो आणि वायू, उदक, देश, काल या चार भावांच्या दुष्टीकडे वळतो. वीस वर्षांच्या व्यवसायानंतर मात्र मला त्या सूचनेपुढचा प्रश्न छळू लागला आहे. ज्यांच्या वाट्याला भूमी विरस झाल्यानंतरचाच काळ आला, त्यांनी काय करावे?

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडलेला नाही. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस तुमसर तालुका आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग या स्थानकांवरून जातो, तो भाग मँगनीजचा. आमच्या लहानशा औषधनिर्माणशाळेस या परिसरातून मुळ्या पुरविणारे एक वयोवृद्ध गोंड गृहस्थ होते. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, सराटे ही लघुपंचमुळातील पाचही द्रव्ये ते निरनिराळ्या गाठोड्यांत बांधून आणीत, व प्रत्येक गाठोड्यास मातीचा वास वेगळा येई. एका वर्षी पिठवणीचे गाठोडे आले नाही. विचारले तेव्हा म्हणाले, "डाक्टर सायब, पिठवन आता भेटत नाई. ज्या रानात भेटे, त्या रानावर गोटे टाकले." पुढे दोन वर्षांनी तेही येईनासे झाले. त्यांच्या जागी व्यापाऱ्याकडून जी 'पिठवण' येऊ लागली, तिच्या मुळ्यांची तपासणी करविली असता ती युरेरिया पिक्टा नसून त्याच कुळातील दुसरेच काही असल्याचे आढळले. बाजारातील हा प्रकार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दशमूलारिष्टाच्या प्रत्येक बाटलीमागे हा प्रश्न उभा असतो, आपण त्याविषयी चारचौघांत बोलत नाही इतकेच.

पिठवण कोठे उगवते, याचा आपण विचार करीत नाही. 'जंगलातून आणली' असे आपण म्हणतो आणि जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साग-ऐन उभे राहतात. वस्तुतः आपल्या नित्य वापरातील कितीतरी द्रव्ये घनदाट वनातील नाहीतच. पिठवण, सराटे, रिंगणी, बला, शंखपुष्पी, काळी मुसळी, अनंतमूळ ही सर्व उघड्या, गवताळ, झुडपी जमिनीची प्रजा आहे. मुस्ता, दर्भ, काश, उशीर, रोहिष, दूर्वा ही तर साक्षात तृणे अथवा तृणसदृशच. सुश्रुताने कुश, काश, नल, दर्भ व कांडेक्षु यांचे तृणपंचमूळ सांगितले, चरकाने शर, इक्षु, दर्भ, काश व शाली यांचे. मूत्रकृच्छ्र व अश्मरी यांच्या रुग्णास आपण ज्या मुळांचा क्वाथ देतो, ती मुळे म्हणजे कुरणाचा पाया होय. कुरण गेले की आपल्या द्रव्यसंग्रहाचा एक मोठा खण रिकामा होतो. तो कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण सरकारी कागदांत अशा जमिनीस 'पडीक' म्हणतात, आणि पडीक जमीन गेल्याचे दुःख कोणी करीत नाही.

आपल्या जिल्ह्यातील मँगनीजचा इतिहास शतकाहून जुना आहे. मध्यप्रांतात विसाव्या शतकाच्या आरंभापासून हे खनिज काढले जात आहे. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवरील आपला बृहद्ग्रंथ सिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट व स्फटिक यांनी बनलेल्या येथील खडकास त्यांनी 'गोंडाइट' हे नाव दिले, ते गोंड जनांवरून. ज्यांच्या गुरांचे कुरण त्या खडकावर होते, त्यांचे नाव खडकास मिळाले. कुरणाचे पुढे काय झाले, हे ग्रंथात येण्याचे कारण नव्हते. १९६२ साली ब्रिटिश कंपनीकडून खाणी घेऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच आजची मॉइल, स्थापन झाली. आपल्या जिल्ह्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग या तिच्या खाणी. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी असून तेथील मँगनीज डायऑक्साइड शुष्क विद्युतघटांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या पिढीने बालपणी टॉर्चमध्ये घातलेल्या सेलमधील काळी भुकटी कदाचित आपल्याच तालुक्यातील असेल. या उद्योगाने हजारो कुटुंबांस अन्न दिले, हे विसरून लिहिणे अन्यायाचे होईल. माझे कित्येक रुग्ण त्यावरच जगतात.

तथापि उघड्या खाणीचा एक स्वभाव आहे. धातुक हाती येण्यापूर्वी त्याच्या वरचा खडक व मुरूम हलवावा लागतो, आणि तो शेजारच्या उंचवट्यावर अथवा सपाटीवर रचला जातो. या ढिगाऱ्यास माती म्हणणे ही भाषेची उदारता होय. त्यात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते, नत्र नसतो, पाणी धरून ठेवण्याची शक्ती नसते. उतार तीव्र असतो, उन्हाळ्यात काळा दगड तापून वर हात ठेववत नाही, आणि पहिल्या मुसळधार पावसात बारीक कण ओघळींतून खालच्या बांधीत व तळ्यात उतरतात. मँगनीज हे वनस्पतींना अल्प प्रमाणात आवश्यकच आहे, आणि ऑक्साइडच्या रूपात ते पाण्यात सहज विरघळत नाही. परंतु जमीन आम्ल झाली किंवा पाणी साचून तिच्यातील हवा कोंडली गेली, की तेच मँगनीज विद्राव्य होऊन मुळांना अपायकारक ठरते. म्हणून ढिगाऱ्याच्या माथ्यापेक्षा त्याच्या पायथ्याची दलदल अधिक संशयास्पद समजावी. आणि नागरमोथा नेमका अशाच जागी फोफावतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

येथे चिकित्सकांसाठी एक अवांतर. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास कंपवातासारखा विकार होतो, हे १८३७ साली ग्लासगोच्या कूपर यांनी धातुक दळणाऱ्या कामगारांच्या निरीक्षणावरून प्रथम नोंदविले. या विकारात लेव्होडोपाचा प्रतिसाद तोकडा असतो, त्यामुळे कपिकच्छूवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या बांधवांनी कंपाच्या रुग्णास त्याचा व्यवसाय विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. असो.

आता मूळ विषयाकडे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेत एक आदेश दिला. खाणकाम संपल्यावर पट्टेधारकाने खाणीचे क्षेत्र व खाणकामामुळे बिघडलेले अन्य क्षेत्र यांवर पुन्हा गवत उगवावे आणि ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य अशा स्थितीत आणावी, अशी अट केंद्र सरकारने घालावी, असे त्यात म्हटले होते. खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश शरद बोबडे नागपूरचे, सदस्य न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे. विदर्भातील मनुष्यास गुरांच्या चाऱ्याचे मोल सांगावे लागत नाही, असे मला त्या वेळी वाटून गेले. त्याच महिन्यात १६ तारखेस पर्यावरण मंत्रालयाने ही अट लागू करणारे पत्रक काढले. त्यापूर्वीही नियम होतेच. खाण बंद करण्याचा आराखडा २००३ पासून आवश्यक आहे, आणि वरची माती निराळी साठवून पुन्हा वापरावी हा दंडक त्याहूनही जुना. परंतु 'गवत' हा शब्द आदेशात प्रथमच इतक्या स्पष्टपणे आला. मी तो शब्द महत्त्वाचा मानतो, कारण तोपर्यंत पुनर्वसन म्हणजे वृक्षारोपण असेच समीकरण होते. ढिगाऱ्यावर खड्डे करावे, बाहेरून माती भरावी, सुबाभूळ अथवा तत्सम लवकर वाढणारे झाड लावावे, दुसऱ्या वर्षी छायाचित्र काढावे, ही त्याची सर्वपरिचित रीत होती.

वृक्षाविषयी माझा आकस नाही. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीजच्या ढिगाऱ्यावर नीरीच्या डॉ. आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम आपल्या भागासाठी अभिमानास्पद आहे. साखर कारखान्यातील प्रेसमड, मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी, नत्र स्थिर करणारे ऱ्हायझोबियम व ॲझोटोबॅक्टर यांची योजना करून त्यांनी उजाड ढिगाऱ्यावर झाडे जगवून दाखविली. निर्जीव खडकचुऱ्यात आधी सूक्ष्म जीवसृष्टी आणावी लागते, हा त्यातील धडा. आपल्या भाषेत सांगायचे तर बृंहणापूर्वी अग्नी प्रदीप्त करावा लागतो. परंतु जेथे मुळात कुरण होते, तेथे वन उभे करणे म्हणजे एका रोगाच्या जागी दुसरी प्रकृती लादणे होय. सुबाभळीच्या दाट सावलीत कुसळी उगवत नाही, शंखपुष्पी उगवत नाही, पिठवणही नाही. हिरवा रंग दिसतो, पण देश बदललेला असतो.

आपल्या द्वीपकल्पीय पठाराचे कुरण हे अभ्यासकांच्या वर्गीकरणात 'सेहिमा-डायकँथियम' प्रकारात मोडते. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातील तृणाच्छादनाचे जे पाच प्रकार मांडले, त्यातील हा आपला. सेहिमा म्हणजे पवन्या, डायकँथियम म्हणजे मारवेल. त्यांच्या संगतीला खडकाळ उतारावर कुसळी व डोंगरी गवत. ही सर्व बहुवर्षायू गवते. त्यांची मुळे जटेसारखी पसरून मुरमाचे कण बांधतात, दरवर्षी त्यातील काही मुळे मरून तेथेच कुजतात, आणि मातीत सेंद्रिय अंश वरून न पडता आतून तयार होतो. झाडाचे एक मूळ खोल जाते. गवताची सहस्र मुळे पहिल्या वीतभर थरात काम करतात, आणि ढिगाऱ्यास निकड असते ती त्याच थराची.

कुसळीचे बी पाहण्यासारखे असते. तिच्या कुसास आर्द्रतेची जाणीव असते. दव पडले की तो उलगडतो, ऊन पडले की पीळ घेतो, आणि या उलटसुलट फिरण्याने टोकदार बी सुईसारखे भेगेत शिरते. ज्या उतारावर मजूर खड्डा करू शकत नाही तेथे हे बी आपला खड्डा आपण करते. धोतराला चिकटणाऱ्या कुसळांना आपण आजवर शिव्याच दिल्या. ताजे बी मात्र लगेच रुजत नाही. त्यास काही महिने विश्रांती लागते. कार्तिकात गोळा करून कोरड्या जागी ठेवावे व पुढील मृगाच्या आधी टाकावे, हा क्रम त्यासाठीच. शेण, चिकणमाती व वाळू यांच्यात बी कालवून गोळ्या केल्या तर वाऱ्याने व मुंग्यांनी होणारी हानी टळते. मारवेल व डोंगरी यांचे ठोंब समपातळीच्या ओळींत लावता येतात. १९६२ साली, योगायोगाने मॉइलच्याच वर्षी, झाशी येथे स्थापन झालेल्या भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्थेने या तंत्रांचा पुष्कळ प्रसार केला आहे.

गवत व झुडपे यांनी किती फरक पडतो, याचे सहस्रधारेचे उदाहरण बोलके आहे. देहरादूनजवळ चुनखडीच्या खाणीने उद्ध्वस्त झालेल्या ६४ हेक्टर उतारावर तेथील मृदा व जलसंधारण संस्थेने १९८४ पासून लहान बांध, गवते, झुडपे व वृक्ष यांचे एकत्रित काम केले. दहाएक वर्षांत वनस्पतींचे आच्छादन सुमारे १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले, आणि दर हेक्टरी वर्षाला वाहून जाणारा गाळ सुमारे ५५० टनांवरून ८ टनांवर आला. हिमालयाचा पाऊस व उतार आपल्याकडे नाही, खडकही निराळा. तरी जे तेथे साधले ते येथे असाध्य मानण्याचे कारण दिसत नाही.

आपल्या प्रदेशातील कुरणांचा अनुभव हवा असेल तर मेळघाट व ताडोबाकडे पाहावे. व्याघ्रप्रकल्पांतून स्थलांतरित झालेल्या गावांच्या पडीत शेतांवर कुरणे उभी करण्यासाठी प्रा. डॉ. गजानन मुरतकर यांनी दीर्घकाळ परिश्रम केले आहेत. शेत आणि खाणीचा ढिगारा यांत अंतर आहे, हे मान्य. परंतु पहिली अडचण दोन्हीकडे सारखीच येते. मोकळ्या जागेत प्रथम गवत येत नाही, तरोटा येतो, रानतुळस येते, गाजरगवत येते. तरोटा म्हणजे आपला चक्रमर्द. दद्रूवरचे आपले हुकमी औषध. कुरणाच्या दृष्टीने मात्र तो घुसखोर आहे, आणि तो फुलण्यापूर्वी उपटावाच लागतो. सलग तीन वर्षे ही निंदणी केली नाही तर पेरलेले देशी बी हरते. हे काम यंत्राने होत नाही. माणसे लागतात, आणि ती गावातीलच लागतात, कारण अंकुर अवस्थेत पवन्या कोणता व निरुपयोगी तण कोणते हे ओळखणारी नजर गुराख्याची असते.

राखणीविषयीही दोन गैरसमज आहेत. पहिला असा की चराई कायमची बंद केली की कुरण सुधारते. आरंभीची दोन-तीन वर्षे बंदी आवश्यक आहे. पुढे जुने वाळलेले पाते तसेच साचू दिले तर नव्या फुटव्यास उजेड मिळत नाही. बी गळून गेल्यावर गवत कापून नेणे, व जमीन घट्ट झाल्यावर मर्यादित गुरे आळीपाळीने सोडणे, हे कुरणाचे पथ्यच होय. दुसरा गैरसमज वणव्याचा. जुन्या ठोंबाला वणवा एकवार सोसतो. कोवळ्या रोपांचा मात्र त्यात नायनाट होतो. मोहफूल वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जी सवय आहे, ती नव्या कुरणाच्या शेजारी तरी मोडावी लागेल, आणि ती मोडायची तर मोहफूल वेचणाऱ्या बायांशी आधी बोलावे लागेल.

येथपर्यंत सर्व सुज्ञांचे एकमत होईल. मतभेद पुढे आहे, आणि तो आपल्याच व्यवसायबंधूंशी आहे.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या ढिगाऱ्यावर 'वनौषधी उद्यान' उभारण्याच्या बैठकीस मला सल्लागार म्हणून बोलावणे आले. कल्पना लोभस होती. उतारावर वाळा लावायचा, पायथ्याच्या ओलीत नागरमोथा, मध्ये शतावरी व सफेद मुसळी. उत्पन्न बचतगटास, मुळ्या आपल्या औषधनिर्माणशाळांस. उपस्थित दोघा-तिघा वैद्यांनी खरेदीची हमीही देऊ केली. मी विरोध केला व त्या दिवशी एकटा पडलो. माझा आक्षेप वाळ्यापासून सुरू होतो. उतार बांधण्यासाठी वाळ्यासारखे गवत नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेने भारतातूनच त्याचा प्रसार हाती घेतला आणि आज ऑस्ट्रेलिया, चीन, दक्षिण आफ्रिका येथील खाणींच्या टाकाऊ ढिगांवर तो लावला जातो. त्याची कीर्ती कशाबद्दल आहे? जड धातू सहन करण्याबद्दल, आणि त्यातील मोठा भाग पानांत न चढविता मुळांत अडवून ठेवण्याबद्दल. पाने गुरांस त्यामानाने निर्धोक राहतात, हा त्याचा गुण. पण आपण उशीर म्हणून वापरतो ते काय? मूळच. षडंगपानीयात ज्वराच्या बालकास आपण जे पाणी पाजतो त्यात उशीर आहे आणि मुस्ताही आहे. भूमीचे शोधन करणाऱ्या वनस्पतीचा शोधित मल रुग्णास पाजण्यासारखे हे झाले.

यावर 'आपला ढिगारा तर मँगनीजचा, शिसे-पाऱ्याचा नव्हे' असे उत्तर मिळाले. ते अर्धे खरे आहे. औषधींसाठी जी मर्यादा सांगितली जाते ती शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशी. मँगनीज त्या यादीत नाहीच. पण म्हणूनच यादीतील चार धातूंची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे द्रव्य शुद्ध, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. शिवाय ढिगाऱ्यात केवळ एकच धातू असतो असे गृहीत धरण्यास आधार लागतो, आणि तो प्रत्येक जागेच्या माती व मूळ यांच्या तपासणीखेरीज मिळत नाही. सुश्रुताच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधग्रहणासाठी खड्डे, खडे, दगड, वारूळ, स्मशान, वधस्थान, वाळू यांनी दूषित नसलेली, सम व मृदू भूमी सांगितली आहे. त्या वर्णनाशी ढिगारा ताडून पाहावा. एकही लक्षण जुळत नाही.

माझ्या आग्रहामागे एक ठेचही आहे. बोस्टनच्या संशोधकांनी २००४ साली तेथील दुकानांतील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध केले. तो गदारोळ, व त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीसाठी आलेली चाचणीची सक्ती बहुतेकांना आठवत असेल. आम्ही निर्यात करीत नव्हतो, त्यामुळे निश्चिंत होतो. पुढे एका मोठ्या खरेदीदाराच्या मागणीवरून नागरमोथ्याचा एक हप्ता प्रयोगशाळेत पाठविला, तो शिशात नापास झाला. मोथा कोठून आला याचा माग काढू लागलो तर तीन गावांचा माल एका पोत्यात मिसळलेला; त्यातील एक भाग हमरस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांतील, एक नाल्यातील, एक कोठला ते सांगणाराच गावास गेलेला. दोष कोणत्या जागेचा, हे अखेर कळलेच नाही. चार पोती जाळली. पैशापेक्षा मला लागले ते हे की, त्याच्या आदल्या हप्त्याचे चूर्ण तोवर रुग्णांच्या पोटात गेले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ढिगाऱ्यावर गवत आणावे, पण त्याच्याकडून औषध मागू नये. तेथील पहिले पीक म्हणजे बी, दुसरे पीक म्हणजे थांबलेली धूळ व गाळ, आणि माती-पाने तपासून मगच चारा. सुगंधी तेलापुरता अपवाद करता येईल: रोशा गवताचे तेल वाफेवर ऊर्ध्वपातनाने निघते, धातू मागे पात्रात राहतात. तेल काढल्यानंतरचा चोथा मात्र गुरांपुढे टाकू नये. आणि औषधी मुळ्यांसाठी ढिगाऱ्याच्या शेजारची, खाणीने न चिरलेली, पण दुर्लक्षाने झिजलेली जमीन सुधारावी.

अशी जमीन आपल्या जिल्ह्यात आहे, आणि तिचे नाव सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' असे आहे. जुन्या मध्यप्रांतातील निस्तार हक्कांच्या काळापासून गावाची गुरे चरण्यासाठी असलेली ही राने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशाच्या अर्थाने वनच होय, असा निर्णय दिला. संरक्षण मिळाले, याचा आनंद आहे. धाकधूकही आहे. वन म्हटले की वृक्षलागवड आली, आणि २०१६ ते २०१९ च्या कोट्यवधी वृक्षांच्या मोहिमेत चांगल्या कुसळीच्या रानात ओळीने खणलेले खड्डे मी पाहिले आहेत. खड्ड्यातील रोप दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. खड्ड्याच्या जागचे गवत त्याआधीच गेले होते.

या झुडपी रानात सालवण व पिठवण पुन्हा रुजविण्याचा विचार मी मांडतो, तो भावनेपोटी नव्हे. दोन्ही शिंबी कुलातील. त्यांच्या मुळांवरील गाठी नत्र स्थिर करतात. म्हणजे त्या कुरणातून केवळ घेत नाहीत, कुरणास देतातही. त्यांचा ऱ्हास खाणीने जितका केला, तितकाच आपल्या खरेदीने केला, हे कबूल केले पाहिजे. चरकाच्या कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, पाने पिकून गळल्यावर घ्यावीत असे सांगितले आहे. वीर्यदृष्ट्या त्याचे कारण आपण जाणतोच. पण त्या ऋतूत वनस्पतीचे बी पडून गेलेले असते, हेही तितकेच खरे. प्रत्यक्षात मुळ्या खणल्या जातात त्या श्रावण-भाद्रपदात, कारण तेव्हा जमीन मऊ असते व खणणाऱ्यास कष्ट कमी पडतात. बी धरण्यापूर्वीच झाड उपटले जाते. कठीण जमिनीतून शिशिरात मूळ काढण्यास दुप्पट वेळ लागतो, तर त्याचा भावही त्या हिशेबाने दिला पाहिजे. पावसाळी व हिवाळी मुळीस एकच दर देऊन शास्त्राची अपेक्षा करणे हा आपला ढोंगीपणा आहे.

आम्ही गेली तीन वर्षे खरेदीच्या वहीत चार रकाने वाढविले आहेत: गाव, जागेचा प्रकार, काढल्याचा महिना, आणि जवळ खाण, रस्ता वा कारखाना आहे काय. मिसळलेले पोते घेत नाही. पहिल्या वर्षी माल निम्म्यावर आला व दशमूलारिष्टाची एक बॅच सोडावी लागली. हिवाळी मुळीस दर वाढवून दिल्यावर दुसऱ्या वर्षी काही संग्राहक परतले. पिठवण अजून पुरेशी मिळत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी २०१५ च्या कायद्यातील दुरुस्तीने खाणबाधित गावांसाठी आला आहे. त्यातून बियाणे गोळा करण्याची व निंदणीची मजुरी मिळावी, यासाठी ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज करता येतो. अशा ठरावावर गावच्या वैद्याचे चार शब्द असले तर उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखेने खाणपट्ट्यांच्या जनसुनावणीत केवळ आरोग्यशिबिराची मागणी न करता, पुन्हा गवत उगवण्याच्या अटीचे पालन कोणत्या जातींनी व कोणत्या बियाण्याने होणार, हा प्रश्न लेखी विचारावा अशी माझी सूचना आहे. बाहेरून आणलेल्या चाऱ्याच्या बियांनीही कागदावर अट पूर्ण होते.

यंदा कार्तिकात तालुक्यातील एका झुडपी रानातून गुराखी व बचतगटाच्या बाया यांनी मिळून कुसळी, पवन्या व मारवेल यांचे बी गोळा केले. दोन पोती आमच्या गोदामात मुस्ता-उशिराच्या शेजारी टांगून ठेवली आहेत. कुसे गोणपाटातून बाहेर येतात आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना धरतात, म्हणून आमचा कोठारी रोज तक्रार करतो. मृगापूर्वी पोती जागेवर पोचवायची आहेत. तोवर त्यास एक जुना एप्रन दिला आहे.